बेअरिंग गेलं, पण का गेलं?

"साहेब, बेअरिंग गेलं."

महाड एमआयडीसीत मेंटेनन्सच्या माणसाला रात्री फोन आला की पहिलं वाक्य बहुधा हेच. माणूस गेला म्हणतो ना आपण, अगदी तसंच. पण माणूस गेला की कशाने गेला हे निदान चार जण विचारतात. बेअरिंगच्या नशिबी तेवढंही नाही. जुनं काढा, नवं टाका, पंप चालू करा... प्रॉडक्शन थांबलंय!

माझं मत सरळ आहे. बेअरिंग आपणहून क्वचितच जातं. बहुतेक वेळा आपणच त्याला घालवतो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं, तेव्हा चिखल गेलेल्या मोटरींची बेअरिंगं बदलावीच लागली. तिथे कारण डोळ्यांसमोर होतं. एरवी ते शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ लागतो.

घरची मंडळीही हे वाचतात, म्हणून थोडं सोपं करून सांगतो. एकीकडे मोटर, दुसरीकडे पंप, आणि दोघांचे शाफ्ट मध्ये कपलिंगने जोडलेले. हे दोन्ही शाफ्ट एका रेषेत हवेत. मिनिटाला १५०० फेरे फिरणाऱ्या पंपाला पाच शतांश मिलिमीटरच्या आसपासचा फरक चालतो. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. डोळ्यांना हे दिसत नाही. डायल लावून शाफ्ट हाताने फिरवायचा, काटा बघायचा, मोटरच्या पायाखाली पातळ शिम घालायच्या, काढायच्या, परत बघायचं. एक पाय बेसवर नीट टेकलेला नसेल तर बोल्ट आवळताच सगळं माप हलतं. एवढं करून शेवटी कुणी पाइपचा फ्लँज ओढूनताणून जुळवला, की पंपही त्याच्याबरोबर ओढला जातो. दोन तास कुठे गेले कळत नाही.

मग कुणीतरी म्हणतं, "कपलिंग रबरी आहे, घेईल सांभाळून." कपलिंग थोडं सांभाळतंही. उरलेलं ओझं बेअरिंग आणि सील यांच्यावर पडतं. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचं आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. हे गणित पुस्तकात आम्ही सगळेच शिकतो आणि शिफ्टमध्ये सगळेच विसरतो.

मीही विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी एका सॉल्व्हंटच्या पंपाचं बेअरिंग चार महिन्यांत तीनदा गेलं. पहिल्या दोन्ही वेळा पोरांनी तासाभरात पंप चालू करून दिला आणि मी त्यांची पाठ थोपटली. दोष बेअरिंगला दिला, "डुप्लिकेट आलं असेल" म्हणून. तिसऱ्या वेळी सीलही गळायला लागलं. तापलेलं बेअरिंग आणि शेजारी सॉल्व्हंट! एका हेल्परला वास आला, त्याने धावत जाऊन पंप बंद केला, म्हणून निभावलं.

आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. "हात हळू आहे" म्हणून मी त्यांना असल्या कामावर पाठवत नसे. त्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, मला दोन तास द्या. आणि झालं का, झालं का विचारायला कुणाला पाठवू नका."

मोटरचा मागचा एक पाय अधांतरी होता. त्याचा बोल्ट सैल केल्यावर फीलर गेज खालून सरळ आत गेला. आधीच्या दोन्ही जॉब कार्डांवर 'अलाइनमेंट केली' असं लिहिलेलं होतं, आणि खाली सही माझी होती.

स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. गिरणीखाली चिकणमाती. जमीन हलली की लांबलचक शाफ्ट रेषेतून सुटायचे आणि बेअरिंगं जायची. नुसती बदलत बसण्याऐवजी तो कारणाच्या मागे लागला. १९०७ मध्ये त्याने शाफ्ट थोडा तिरका झाला तरी स्वतःला जुळवून घेणारं बेअरिंग काढलं. एसकेएफ कंपनी त्यातूनच उभी राहिली, आपल्या चिंचवडलाही तिचा कारखाना आहे.

आपल्याला काही नवा शोध लावायचा नाहीये. जॉब कार्डवर बरोबरच्या खुणेऐवजी डायलची खरी रीडिंग लिहायची. जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी कापून बघायचं, गोळ्यांच्या वाटेवरच्या खुणा बरंच काही सांगतात. आणि अलाइनमेंटचे दोन तास 'उशीर' म्हणून न धरता कामातच धरायचे.

तासाभरात पंप चालू करणाऱ्याचं कौतुक लगेच होतं. जो पंप पुढची तीन वर्षं बिघडतच नाही, त्याच्या फिटरला कोण विचारतं? मामा रिटायर झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. त्यात हे सांगायचं राहून गेलं, म्हणून आज इथे लिहिलं.