बेगडीपणाची बाजू

मराठी समीक्षेला काही शिव्या वारसाहक्काने मिळाल्या आहेत. 'बेगडी' ही त्यांपैकी एक. लेखनात अनुभवाचा कस नाही, वरवरची चकाकी तेवढी आहे, असे वाटले की आपण हा शब्द फेकतो आणि पुढच्या पुस्तकाकडे वळतो. बेगड हा मुळात मखरांना आणि बाहुल्यांना डकवायचा, धातूच्या अगदी पातळ पत्र्याचा एक साधा जिन्नस आहे, याचे त्या वेळी भान राहत नाही. आम्हांला ते विसरता येत नाही. कारण गेली कित्येक वर्षे आमच्या फावल्या वेळाचा मोठा हिस्सा बेगडीच्याच उद्योगात जातो. आम्ही विमानांच्या लहान प्रतिकृती करतो, आणि त्यांतही रंग न दिलेल्या, उघड्या धातूच्या विमानांच्या.

साहित्यचर्चेच्या या पानांवर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. वास्तववादाविषयीचे जे प्रश्न आपण वर्गात खडू हातात घेऊन चर्चितो, ते या कामात बोटांना चिकटतात, एवढेच आमचे उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात, १९४४ च्या सुरुवातीपासून, अमेरिकेची विमाने कारखान्यातून विनारंग बाहेर पडू लागली. रंगाचे वजन वाचले, वेग थोडा वाढला, उत्पादनाचा वेळ कमी झाला. ही विमाने आता प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचांतून जुळवायची आणि त्या प्लास्टिकला ॲल्युमिनियम असल्याचे सोंग घ्यायला लावायचे. प्रमाण बहुधा एकास बहात्तर. म्हणजे सहा फुटी माणूस येथे एक इंचाचा होतो. भोळ्या मनाला वाटते की ॲल्युमिनियम दाखवायला ॲल्युमिनियमच लावावे. आम्हीही स्वयंपाकघरातली फॉइल डिंकाने चिकटवून पाहिली. सपाट पंखावर ती बरी बसली. नाकाच्या गोलाईवर तिला सुरकुत्या पडल्या, आणि पाहणाऱ्याला पोळ्यांचा डबा आठवला. खरा धातू खोटा दिसला. बाजारातला साधा चंदेरी रंग घ्यावा तर त्यातले धातूचे कण डोळ्यांना सुटे दिसतात. बहात्तरपट मोठे केले तर ते वाळूएवढे ठरतील. अखेर उपयोगी पडला तो अतिशय बारीक दळलेल्या धातुकणांचा लॅकर, आणि तोही काळ्याभोर, आरशासारख्या चकचकीत अस्तरावर एअरब्रशने दिलेला. अस्तरावर एक ओरखडा राहिला तरी तो वर येतोच. (एकदा काटकसर म्हणून आम्ही ट्रकच्या रंगाचे थिनर वापरले. डावा पंख मेणासारखा मऊ झाला. त्यावर अधिक बोलवत नाही.)

गंमत पुढेच आहे. त्या खऱ्या विमानांचा पत्रा ड्युरॅल्युमिन या मिश्रधातूचा असे. तो बळकट, पण लवकर गंजणारा. म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असे. या पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. ज्या चकाकीला आपण अस्सल धातू समजून भुलतो, ती मुळातच वरून चढवलेली आहे. खऱ्या विमानालाही बेगड लावलेली होती, आणि त्या बेगडीमुळे ते टिकले.

आता तैलरंगांकडे येऊ. चित्रकाराच्या ट्यूबमधला हाच रंग. कच्चा किंवा भाजका अंबर, काळा, पांढरा, थोडा निळा. तो आधी जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा, म्हणजे त्यातले जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि वाळल्यावर रंगाला नको ती तकाकी येत नाही. मग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून पत्र्यांच्या जोडरेषांत सोडायचा. किंवा बारीक ठिपके देऊन ओलसर कुंचल्याने हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ओढायचे, इतके की ठिपका नाहीसा व्हावा आणि नुसती छटा उरावी. तैलरंग नुसता सुकत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, त्याला दिवसच्या दिवस लागतात. तेवढा वेळ आपल्याला मत बदलायची मुभा असते. लिहिणाऱ्याला ही चैन कागदावर मिळते, रंगवणाऱ्याला क्वचित. जेट विमानांच्या शेपटीकडच्या तापलेल्या पत्र्यावर जे पिवळसर, जांभळे, निळे पट्टे उमटतात, तेही पारदर्शक तैलरंगाच्या पातळ लेपांतून जितके मऊ उतरतात तितके दुसऱ्या कशातून उतरताना आम्ही पाहिले नाहीत.

आमची तक्रार आहे ती या सौंदर्याच्या सवयीविषयी. प्रतिकृतिकारांत आता असा संकेत रूढ झाला आहे की प्रत्येक जोडरेषा काळी करायची, प्रत्येक पत्रा वेगळ्या छटेचा, आणि सर्वांगावर मळाचे ओघळ. याला 'वास्तव' म्हणतात. मस्टँग या प्रसिद्ध लढाऊ विमानाचे उदाहरण घ्या. त्याच्या पंखावरून हवा गुळगुळीत वाहावी म्हणून कारखान्यात रिव्हेटांवर आणि सांध्यांवर लांबी भरून, घासून, वर चंदेरी लॅकर दिला जाई. म्हणजे त्या पंखाच्या बऱ्याच भागावर सांधे दिसतच नसत, आणि उघडा धातूही नसे. तरीही बहुतेक प्रतिकृतींत तो पंख लखलखीत धातूचा असतो, रिव्हेटांची रांगोळी घातलेला. हे आले कोठून? पुष्कळ अंशी आज उडणाऱ्या, हौसेने घासूनपुसून आरसा केलेल्या विमानांच्या छायाचित्रांतून, आणि त्याहून अधिक, आधीच्या प्रतिकृतींतून. मूळ वस्तूकडे न पाहता तिच्या चित्रणाचे चित्रण करणे, ही खोड आपल्या वाचकांना परकी नसावी. ग्रामीण कथेत चार बोलीशब्द पेरले की माती आली, असे मानणारे लेखक आपण सर्वांनी वाचले आहेत. परीक्षणात त्यांना 'अस्सल' म्हणणारेही आपणच.

मळाला कारण लागते. इंजिनाच्या धुराड्यामागे काजळी असते, बंदुकीच्या तोंडापाशी धुराचा डाग असतो, जेथे यांत्रिक पाय देऊन चढतो तेथे पंख खरवडलेला असतो. कारण सांगता येत नाही तो मळ अलंकार आहे. मग तो कितीही कौशल्याने काढलेला असो. आमच्या मते 'बेगडी' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा, चकाकीसाठी नव्हे.

हे तत्त्व मांडायला सोपे आहे. सध्या आमच्या टेबलावर जे विमान आहे, त्याने ते अवघड केले. ते आहे बी-२९ जातीचे 'एनोला गे'. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे. बहात्तराव्या हिश्शातही त्याच्या पंखांचा विस्तार साठ सेंटिमीटर भरतो. आमचे एक मित्र, चांगले कवी आहेत, ते पाहून म्हणाले, याला असे चकचकीत ठेवणे अश्लील आहे; तैलरंग आहेत ना तुमच्याकडे, मग माखा की त्याला.

आम्हांला उत्तर सुचेना. त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. हे विमान कसे दाखवावे यावरून अमेरिकेतही मोठे वादळ झाले आहे. राष्ट्रीय विमान व अवकाश संग्रहालयाने १९९५ साठी आखलेल्या प्रदर्शनात बॉम्बच्या परिणामांनाही जागा होती. माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि काँग्रेसमधल्या सदस्यांनी हरकत घेतली, ती योजना रद्द झाली, संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला, आणि विमानाचा पुढचा भाग बऱ्याच कमी शब्दांनिशी मांडण्यात आला. २००३ पासून संपूर्ण विमान त्याच संग्रहालयाच्या व्हर्जिनियातल्या वास्तूत उभे आहे, झळझळीत.

पण आमचे तत्त्व आम्हांला सोडीना. हे विमान १९४५ च्या मे महिन्यात वायुदलाच्या ताब्यात आले, जुलैत टिनियन बेटावर पोहोचले आणि ६ ऑगस्टला निघाले. जेमतेम अडीच महिन्यांचा पत्रा. वैमानिकाच्या आईचे नाव त्याच्या नाकावर रंगवले गेले तेही आदल्या दिवशी. त्या सकाळी ते खरोखरच नवेकोरे आणि चकचकीत होते. त्यावर म्हातारपणाचे ओघळ काढले तर आमची सद्भावना दिसेल, ते विमान दिसणार नाही. शिवाय मळलेले, झिजलेले, दमलेले विमान पाहणाऱ्याच्या मनात थोडी करुणा उत्पन्न करते, असा आमचा अनुभव आहे. ती येथे चुकीच्या ठिकाणी गेली असती.

मित्राला आम्ही एवढीच सवलत दिली आहे की विमान ६ ऑगस्टच्या दुपारचे करू, परतल्यानंतरचे. ते उड्डाण सुमारे बारा तासांचे होते. चार इंजिनांमागे तेवढ्या प्रवासाची काजळी बसेल. भाजका अंबर आणि कणभर काळा पुठ्ठ्यावर काढून ठेवले आहेत. तेल अजून शोषले जात आहे.