भूतकाळ त्यांचा, मग भविष्यही त्यांचेच काय?

आमच्या चळवळीत सिनेमाचा विषय काढला की अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ॲट्रॉसिटीचे गुन्हे नोंदवून घेतले जात नाहीत, शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, अनुशेष भरला जात नाही आणि तुम्ही सिनेमावर शाई कसली घालवता, असा त्यांचा सवाल असतो. सवाल गैर नाही. पण ज्या पोरांसाठी हा लढा चालला आहे ती पोरे इतिहास शिकतात कुठून? शाळेच्या पुस्तकातून थोडा आणि पडद्यावरून फार. उद्याचे जग कसे असेल याची त्यांची कल्पना तर सगळी पडद्यावरूनच आलेली असते. म्हणून ऐतिहासिक चित्रपट आणि विज्ञानपट, हे दोन प्रकार आम्ही करमणूक म्हणून नव्हे तर साक्ष म्हणून पाहतो. एक कालची साक्ष देतो, दुसरा उद्याची. कोर्टात साक्षीदार जे सांगतो ते ऐकून घ्यायचेच असते. पण तो जे सांगायचे टाळतो त्यावरच खरी उलटतपासणी उभी राहते.

आधी कालची साक्ष तपासू. रिचर्ड अॅटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ साली आला. त्याला आठ ऑस्कर मिळाले. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या मार्फत त्यात भारत सरकारचा पैसा होता, म्हणजे तुमचा आमचाही होता. त्या तीन तासांच्या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत! गोलमेज परिषदेतील संघर्ष नाही, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार नाही. गांधीजींच्या आयुष्यातील सर्वात गाजलेल्या उपोषणांपैकी एक ज्या माणसाच्या मागणीविरुद्ध होते, तो माणूसच पडद्यावरून गायब. ही नजरचूक म्हणायची काय? ते रिकामे स्थान भरायला २००० साल उजाडावे लागले. त्या वर्षी जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ प्रदर्शित झाला. मामुट्टी यांना त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही त्याची तमिळ आवृत्ती चित्रपटगृहात लागण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयात याचिका करावी लागली आणि २०१० चा डिसेंबर उजाडला.

दुसरे उदाहरण दूरदर्शनचे. १९८७ च्या जानेवारीपासून १९८८ च्या जुलैपर्यंत दर रविवारी सकाळी सरकारी वाहिनीवर ‘रामायण’ मालिका चालली. लोक टीव्हीला हार घालीत, उदबत्ती लावीत. नेमक्या त्याच काळात महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रकाशित केला. त्यातील राम आणि कृष्णावरील परिशिष्टावरून काहूर माजवले गेले आणि आपल्या लोकांना १९८८ च्या फेब्रुवारीत लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरावे लागले. शेवटी परिशिष्ट राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप जोडून. आमचा साधा प्रश्न आहे. पुराणकथा इतिहास असल्यासारखी दीड वर्ष घरोघर पोहोचवली गेली, तेव्हा तिच्याखाली अशी टीप का नव्हती? पुरावे मांडणाऱ्या विद्वानाच्या लेखनाला टीप आणि कथेला उदबत्ती, हा कुठला न्याय?

आता पेशवाईकडे येऊ. संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ २०१५ च्या डिसेंबरात आला. आरसेमहाल, झुंबरे, पैठण्या, दीपमाळा, सारे काही डोळे दिपवणारे. त्यावर वाद झाला तो ‘पिंगा’ गाण्यावरून. पेशव्यांच्या घराण्यातील स्त्रिया अशा नाचत नव्हत्या, अशी तक्रार होती. तक्रार करणाऱ्यांना ऐतिहासिक सत्याची एवढी चाड, तर त्यांनी दुसरीही तक्रार करायला हवी होती. त्या झगमगाटात गळ्यातले मडके कुठे आहे? कमरेचा झाडू कुठे आहे? पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्यांवर लादलेल्या या सक्तीची नोंद बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात केली आहे. कोट्यवधी रुपये खर्चून उभ्या केलेल्या सेटवर एक मडके आणि एक झाडू ठेवायला जागा मिळाली नाही.

पण एकाने मांडले नाही तर दुसऱ्याने मांडावे, असे म्हणाल तर २०२५ चा अनुभव ताजा आहे. अनंत महादेवन यांचा ‘फुले’ हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ट्रेलर पाहून काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले आणि चित्रपट २५ एप्रिलला आला. दरम्यान सेन्सॉर मंडळाने सुचवलेल्या बदलांची यादी वृत्तपत्रांत छापून आली. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढा. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढा. तीन हजार वर्षांच्या गुलामीऐवजी मोघम ‘कित्येक वर्षे’ म्हणा. आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस बदला. म्हणजे एका चित्रपटात झाडू घातला नाही म्हणून चालते आणि दुसऱ्यात घातला म्हणून चालत नाही!

येथे कोणी म्हणेल, जातीची नावे उच्चारणे हा ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हाच आहे, मग सेन्सॉरने काढली तर बिघडले काय? हा कायद्याचा उफराटा अर्थ आहे. १९८९ चा कायदा सार्वजनिक ठिकाणी जातीवरून केलेल्या शिवीगाळीला आणि अपमानाच्या हेतूने केलेल्या कृत्याला शिक्षा देतो. अन्यायाचा इतिहास सांगताना अन्याय कोणावर झाला याचे नाव घेणे हा गुन्हा नाही. सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहिला. त्याचे शीर्षकच ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ असे होते. कंपनी सरकारच्या राजवटीत चौदा वर्षांची मुलगी जे शब्द छापून आणू शकली, ते प्रजासत्ताकात जोतीरावांच्या चित्रपटातून कापले जातात. अपमान शब्दांत नव्हता, अपमान ते शब्द कापण्यात आहे.

यावर उपाय म्हणून आपलीही काही मंडळी बंदीची भाषा करतात. अमुक चित्रपट बंद पाडा, तमुक थिएटर फोडा. आम्ही याच्या विरोधात आहोत. १९८७ मध्ये ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ चित्रपट आला. ब्राह्मण मुलगी खोटे जातप्रमाणपत्र घेऊन सरकारी नोकरी मिळवते, अशी कथा आणि रोख आरक्षणाच्या धोरणावर. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले. परंतु १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम या खटल्यात तो निर्णय फिरवला. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य गुंडाळून ठेवता येत नाही, असे तत्त्व त्यात घालून दिले. निकाल आपल्या विरोधी चित्रपटाच्या बाजूचा होता, तरी तत्त्व आपल्या कामाचे आहे. आरक्षणावर टीका करणाऱ्या चित्रपटाला जे संरक्षण मिळाले तेच जोतीरावांच्या चित्रपटाला का मिळू नये? आपली मागणी बंदीची नसावी, एकाच मापाची असावी. त्यात २०२१ मध्ये केंद्र सरकारने चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण मोडीत काढले. आता सेन्सॉरविरुद्ध दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. छोट्या निर्मात्याला हे परवडते काय?

ही झाली कालची गोष्ट. उद्याची साक्ष त्याहून चिंतेची आहे. विज्ञानपट म्हणजे ज्यात मनूची मात्रा चालत नाही असा प्रांत, अशी आमची भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात काय दिसते? २००३ च्या ‘कोई मिल गया’मध्ये परग्रहवासीयांना बोलावण्यासाठी संगणकातून ‘ॐ’चा ध्वनी पाठवला जातो. २०११ च्या ‘रा.वन’मध्ये संगणकीय खेळातला खलनायक रावणाच्या नावाचा. आणि २०२४ चा नाग अश्विन यांचा ‘कल्की २८९८ एडी’ तर या सर्वांचा कळस आहे. वर उलट्या पिरॅमिडसारखी श्रीमंतांची नगरी, तिने खालच्यांचे पाणी-अन्न ओढून घेतलेले, खाली काशीच्या उकिरड्यात जगणारी माणसे. कल्पना जबरदस्त आहे. ‘मूकनायक’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती, तिचीच आठवण यावी. पण सुटका कशात? तर विष्णूचा दहावा अवतार जन्माला येणार, अश्वत्थामा त्या गर्भाचे रक्षण करणार, आणि नायक म्हणजे कर्णाचा पुनर्जन्म! आणखी पावणेनऊशे वर्षे लोटली तरी खालच्या माणसाने संघटित व्हायचे नाही, अवताराची वाट पाहायची. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण ज्या अवतारवादातून बाहेर पडलो, तो येथे रोबो आणि उडत्या गाड्यांवर बसून परत आला आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१ अ नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. यंत्रे दाखवली म्हणजे तो दृष्टिकोन आला असे होत नाही.

मग चांगला विज्ञानपट कोणता? आमच्या मते आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने १९९७ चा ‘गॅटाका’ पाहावा. दिग्दर्शक अँड्र्यू निकोल. त्यातील जगात माणसाची लायकी जन्मतःच रक्ताच्या थेंबावरून ठरते. व्हिन्सेंट नावाचा मुलगा जन्मताच यंत्र सांगते, हृदयविकाराची शक्यता नव्व्याण्णव टक्के, आयुष्य तीस वर्षे. अवकाशात जाण्याचे स्वप्न पाहणारा हा मुलगा त्या अवकाश संस्थेत फरशी पुसायला लागतो. मुलाखत म्हणजे लघवीची तपासणी, बुद्धीची नव्हे. विशेष म्हणजे त्या जगात असा भेदभाव कायद्याने गुन्हा आहे, फक्त कायदा कोणी मनावर घेत नाही! ॲट्रॉसिटीचे खटले चालवणाऱ्या कुठल्याही वकिलाला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही. शेवटी व्हिन्सेंट दुसऱ्याची ओळख उसनी घेतो. रोज सकाळी स्वतःच्या अंगाची त्वचा खरवडून काढतो, केसाचा एक कणही मागे राहू नये म्हणून. शहरात भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव लपवणारी, कॉलेजात बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवणारी आपली मुले आठवा. अमेरिकेतल्या दिग्दर्शकाने जात पाहिली नसेल, पण जन्मावरून माणूस मोजला की त्या माणसाचे काय होते, हे त्याने नेमके दाखवले आहे.

तरीही या चित्रपटाशी आमचे भांडण आहे. व्हिन्सेंट शेवटी शनीच्या टायटन या चंद्राकडे निघतो, आपण टाळ्या वाजवतो. पण तो एकटा सुटतो. त्याच्यासोबत फरशी पुसणारे तिथेच राहतात. ओळख लपवून वर जाण्याचा मार्ग बाबासाहेबांना खुला नव्हता असे नाही. विलायतेच्या पदव्या घेऊन तेही एकटे सुटू शकले असते. त्यांनी २० मार्च १९२७ रोजी हजारोंना सोबत घेऊन चवदार तळ्याचे पाणी उघडपणे प्याले. ‘गॅटाका’ संपतो तिथून पुढे महाड सुरू होते, हे मुलांना सांगणे आपले काम आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी भविष्याच्या पडद्याचे मोल फार आधी ओळखले. १९६६ च्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेत निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अंतराळयानाची अधिकारी होती. ती मालिका सोडायला निघाली तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांनी तिला थांबवले, असे तिनेच पुढे सांगितले आहे. उद्याच्या जगात आपला माणूस बरोबरीने दिसणे हीही हक्काचीच लढाई आहे, हे त्या नेत्याने जाणले होते. आपल्याकडे ही दिशा पा. रंजित यांच्या २०२४ च्या ‘तंगलान’मध्ये दिसते. कोलारच्या सोन्याच्या मातीत राबलेल्या परैयर लोकांचा काळ, आणि त्या मातीत गाडलेली बुद्धमूर्ती. चित्रपट काही ठिकाणी फार पसरट आहे, पण भूतकाळावर आपला दावा सांगतो.

एक गोष्ट आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. बाबासाहेबांवरच्या मालिका आपण डोळे पुसत पाहतो. पण दिवे, धूर, आणि मागे घुमणारे संगीत यांत बाबासाहेबांचाही अवतार होऊ लागला तर? व्यक्तिपूजेचा धोका त्यांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितला होता. आपल्याला देव झालेले बाबासाहेब नकोत. रात्र रात्र वाचणारे, मसुद्यावर वाद घालणारे, चिडणारे, आजारी असूनही कामाला बसणारे बाबासाहेब हवेत.

म्हणून विहार समित्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्यातला थोडा बाजूला काढा. महिन्यातून एक चित्रपट मुलांना दाखवा आणि नंतर तासभर चर्चा ठेवा. यात कोण दिसले नाही, हा पहिला प्रश्न त्यांना विचारायला शिकवा. आपल्या बाजूचा चित्रपट आला तर पहिल्या आठवड्यातच तिकीट काढून जा, कारण थिएटरवाला भाषणे मोजत नाही, खुर्च्या मोजतो. आणि आपल्या ज्या मुलामुलींच्या हातात कॅमेरा आला आहे त्यांनी केवळ अत्याचाराच्या कथा सांगून थांबू नये. शंभर वर्षांनंतरचा भारत लिहावा, ज्यात वेधशाळेत बसलेल्या मुलीला तिचे आडनाव कोणी विचारत नाही. काल आपल्यापासून हिरावून घेतला गेला, तो आपण शिलालेख आणि लेणी वाचून परत मिळवतो आहोत. उद्या मात्र अजून कोणाच्या नावावर चढलेला नाही. त्याच्या सातबारावर आपले नाव आपणच लावले पाहिजे.

जयभीम!