गाडी खाली बसवण्याआधी

परवा रात्री साडेनऊला न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. तिकडे दुपारचे बारा वाजलेले, म्हणजे त्याची जेवणाची सुट्टी. इकडचे-तिकडचे काही न बोलता त्याने सरळ मुद्द्याला हात घातला. "मामा, गाडी खाली बसवायचीय. नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तर चालतील ना? शॉक ॲब्सॉर्बर पुढच्या वर्षी बघू."

तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे त्याच्या झोपेचे खोबरे करणे. मी त्याला म्हटले, "उद्या सांगतो." आणि रात्रभर गाडीचाच विचार करीत पडलो.

त्याची गाडी म्हणजे माझ्दाची एमएक्स-५. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. दोनच आसने, कापडी छप्पर, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि वजन जेमतेम टनभर. भाच्याने घेतलेली गाडी त्याच पहिल्या पिढीतली, १९९५ सालची. जुनी घेतली, पण हौसेने घेतली. आता त्याला ती दोन इंच खाली हवी आहे. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट त्याच्या डोळ्यांत खुपते. नुसत्या स्प्रिंगा घेतल्या, तर पूर्ण संचाच्या तिसऱ्या हिश्श्यात काम भागते.

त्याची हौस मला वाईट वाटत नाही. गाडी खाली आणण्यात शास्त्रही आहे. वळणावर गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच आहे यावर ठरते. हा मध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर आहे असे धरले आणि गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली, तर वजनाचे हे सरकणे सुमारे सहा टक्क्यांनी कमी होते. चारही टायर रस्ता थोडा अधिक समान धरतात. फायदा खरा आहे, पण तो सहा टक्क्यांचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता त्याची किंमत पाहू. शॉक ॲब्सॉर्बर हे नावच मुळात फसवे आहे. खड्ड्याचा धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगचा स्वभाव झोपाळ्यासारखा. एकदा झोका दिला की ती हलतच राहते. झोपाळ्यावर बसलेली आजी जसा पाय टेकवून झोका थांबवते, तसे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळकांड्यात तेल असते, दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. त्या छिद्रांतून तेल रेटत जाताना गाडीच्या हेलकाव्याची उष्णता होते आणि हेलकावा विरतो. गॅरेजमधली मुले ज्याला 'शॉकअप' म्हणतात, त्याचे सगळे काम एवढेच. पण ते झाले नाही तर टायर रस्त्यावर टिकत नाही.

गाडी खाली आणली की चाकाला वर सरकायला जागा कमी उरते. हिशेबासाठी धरू की मूळ गाडीत चाक ७ सेंटिमीटर वर जाऊ शकत होते आणि आपण गाडी ३ सेंटिमीटर खाली आणली. उरले ४. तोच खड्डा, तोच धक्का आता सातांऐवजी चार सेंटिमीटरमध्ये जिरवायचा, तर स्प्रिंग तिप्पट कडक हवी. बाजारातल्या खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा काही तिप्पट कडक नसतात. तशा असत्या तर कोणी त्या गाडीत बसले नसते. मग राहिलेला धक्का जातो कुठे? शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, ज्याला बंपस्टॉप म्हणतात. सरळ रस्त्यावर हा ठोकळा आदळला तर पाठीला कळते. वळणावर आदळला तर त्या चाकावर एकाएकी भार येतो, टायरची पकड सुटते आणि गाडी आपली राहत नाही.

दुसरा हिशेब शॉक ॲब्सॉर्बरचा. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर तिला पहिल्याइतकाच आवर घालायला सुमारे १.४ पट जोराचा शॉक ॲब्सॉर्बर लागतो. जुनाच ठेवला तर गाडी कडकही होते आणि डुलतेही. शिवाय तो मूळ उंचीसाठी बनवलेला असतो; खाली बसवलेल्या गाडीत तो कायम आपल्या तळाजवळ राबतो. भाच्याच्या गाडीत तर तो तीस वर्षांचा म्हातारा आहे. त्याच्यावर नवी, तरणी स्प्रिंग लादायची?

हे सगळे मला पुस्तकातून माहीत होते. तरी एकदा मी गप्प बसलो, ते सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी आपली छोटी गाडी दाखवायला घरी आला. स्पोर्ट्स कार नव्हती, पण तिला तसे रूप द्यायचे होते. एका गॅरेजात त्याने चारही स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे गॅस कटरने कापून घेतले होते. वेढे कमी केले की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, हे मीच त्याला शिकवले होते. पण कापलेले टोक आपल्या जागी नीट बसत नाही, ज्योतीच्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनेच राहतात, हेही मला ठाऊक होते. तो कौतुकाच्या अपेक्षेने उभा होता. मी म्हटले, "छान दिसतेय." हिने पोहे केले होते, ते खाऊन तो गेला.

त्या पावसाळ्यानंतर घाटातल्या एका वळणावर त्याचे मागचे चाक खड्ड्यात गेले. वेग फार नव्हता. "सर, गाडी नुसती उडाली," तो मला नंतर म्हणाला. कठड्याने गाडी अडवली. तो वाचला, मागे बसलेल्या त्याच्या आईचे मांडीचे हाड मोडले. त्या माउली पुढे कायम काठी घेऊन चालल्या. अपघाताला दहा कारणे असतात, हे मीही जाणतो. पण त्यातले एक माझ्या दारात उभे होते आणि मी त्याला छान म्हटले होते.

म्हणून सकाळी भाच्याला मी जे सांगितले ते त्याच्या अपेक्षेच्या नेमके उलट होते. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी शॉक ॲब्सॉर्बर घे, स्प्रिंगा मागाहून. चांगला, जोर कमी-जास्त करता येणारा शॉक ॲब्सॉर्बर मूळ स्प्रिंगेवरही उत्तम चालतो आणि पुढे थोडी कडक स्प्रिंग आली तर तिलाही सांभाळून घेतो. नुसती स्प्रिंग मात्र एकटी संसार करू शकत नाही.

हे माझेच वेड नाही. लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी १९६२ साली एलान ही गाडी आणली, तेव्हा तिच्या स्प्रिंगा मऊ ठेवल्या आणि त्यांना काटेकोर आवर घालणारे शॉक ॲब्सॉर्बर दिले. वळणावर ती गाडी कशी चालते हे जगाने पाहिले. एमएक्स-५ च्या निर्मात्यांपुढे हीच एलान आदर्श होती. पुढे अमेरिकेत माझ्दाने या गाडीची अधिक कडक आवृत्ती विकली, तीत नुसत्या स्प्रिंगा बदलल्या नाहीत; बिलस्टाइनचे शॉक ॲब्सॉर्बरही बरोबर दिले. ज्यांनी गाडी घडवली त्यांना जोडी फोडता आली नाही, तिथे आपण कोण?

मग निवड करायची कशी? आधी आपला रस्ता पाहावा. न्यू जर्सीत हिवाळ्यातले बर्फ वितळले की डांबर उखडते, खड्डे पडतात. तिथली गाडी शर्यतीच्या गुळगुळीत धावपट्टीसाठी बांधून चालणार नाही. मग चाकाला वर जायला किती जागा हवी ते ठरवावे, त्यावरून स्प्रिंग, स्प्रिंगेवरून शॉक ॲब्सॉर्बर. बंपस्टॉप नवे घालावेत, काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावे. उंची सर्वांत शेवटी, जी येईल ती. रोजच्या रस्त्यावर इंचभर खाली आली तरी पुष्कळ. आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारे संच मिळतात, पण हातात पाना असला की आणखी थोडे खाली, आणखी थोडे खाली, असा मोह होतो.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी बिकट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गल्लीबोळांतले उंटाचे उंचवटे या मानकाला ओळखतही नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. नियम योग्यच आहे, पण नुसत्या मनाईने हौस मरत नाही. ती गॅस कटर घेऊन मागच्या दाराने जाते. जर्मनीत अशा स्प्रिंगा प्रमाणपत्रासह विकल्या जातात, बसवल्यावर तपासनीस गाडी पाहतो आणि बदलाची नोंद कागदपत्रांत होते. मुलाच्या हौसेला जाणत्या माणसाची नजर मिळते. आपल्याला ती सोय जेव्हा येईल तेव्हा येवो. तोवर ही नजर घरातल्यांनीच ठेवायची आहे. तुमचा मुलगा खाली बसवलेली गाडी दाखवायला आला, तर कौतुकाआधी एवढेच विचारा : शॉक ॲब्सॉर्बर कुठले घातलेस?

काल भाच्याचा पुन्हा फोन आला. शॉक ॲब्सॉर्बर बसले. स्प्रिंगा मूळच्याच आहेत, गाडी पूर्वीइतकीच उंच आणि ती फट जिथल्या तिथे. मित्र चिडवतात, एवढे पैसे घातलेस ते दिसत कुठे नाहीत.

"आणि सूनबाई काय म्हणते?" मी विचारले.

"मामा, ती परवा पहिल्यांदाच गाडीत झोपली," तो म्हणाला.