यंत्र दिले, विद्या कोण देणार?

सुरत-धुळे महामार्गावरील विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील गाव. आमच्या शहरी वाचकांनी ते पाहिले असलेच तर बसगाडीच्या खिडकीतून. ज्या नंदुरबार जिल्ह्यात हे गाव येते, तेथील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशा भागातील तरुणांना गावातच पोटापुरते मिळवून देणारी विद्या कोणती, असा प्रश्न निघाला की शिवणकामाचे नाव पुढे येते. आणि यंत्रवाटपाचा समारंभ झाला की प्रश्न सुटला असे मानले जाते. आम्हांस हे मान्य नाही.

यंत्र चालविणे ही शिवणकामाची सर्वांत सोपी पायरी होय. खरी विद्या माप घेण्यात, कापड बेतण्यात आणि कातरण्यात आहे. टीप चुकली तर उसवता येते. कात्री चुकली तर कापडच वाया जाते. ज्याला केवळ टीप मारता येते तो दुसऱ्याने कातरलेल्या कापडावरचा मजूर राहतो. ज्याला बेतता येते तो कारागीर होतो. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंप्याला अवजारांसाठी १५ हजार रुपये मिळतात. मात्र तिचे प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे. हात बसलेल्या कारागिरास ते पुरेल. नवशिक्यास कसे पुरावे? शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही या विद्येला एक वर्ष दिले जाते, ते उगाच नव्हे.

शिकल्यावर काम कोठून आणावयाचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर गावच्या शाळेतच आहे. २०२४-२५ साली राज्याने गणवेशाचे काम एकाच ठिकाणाहून चालविले. गणवेश उशिरा आले, अनेक मुलांच्या अंगास बसले नाहीत, आणि पुढील वर्षापासून ते काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत सोपवावे लागले. मूल समोर उभे करून माप घेणारा शिंपी गावात असेल, तर हे काम त्यालाच का मिळू नये?

आणखी एक गोष्ट. शिवण हा मुलींचा विषय, अशी आपली समजूत. बाजारपेठेतील दुकानात मात्र बहुधा पुरुष शिंपीच बसलेला दिसतो! वर्ग मुलामुलींना सारखाच खुला हवा.

हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत याच महाराष्ट्राच्या भूमीवर मांडला गेला. तेव्हा समित्यांनी गणवेशाचे काम गावात द्यावे, शासनाने वर्षभर शिकविणारा शिक्षक द्यावा; यंत्र त्यानंतर द्यावे. शिक्षकावाचून दिलेले यंत्र घराच्या कोपऱ्यात गंजते, आणि त्याचा धनी पुन्हा उसाच्या फडाकडे निघतो.