दिंडोरीतली टस्कनी

आमच्या विश्रांतवाडीत गल्लीगल्लीत रोम आहे. पार्किंगच्या खांबांना प्लास्टरचे ग्रीक मुकुट, गेटवर सिंह, बिल्डिंगला इटालियन नाव आणि खाली टँकर उभा. सवय झालीये, त्यामुळे हसू येत नाही. पण परवा मामांनी टेबलावर एक ड्रॉइंग पसरलं आणि माझं डोकंच फिरलं.

मामांची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. थोडी वाइनची द्राक्षंही करतात. आता कर्ज काढून छोटी वाइनरी टाकायचा विचार चाललाय, शेजारी पाहुण्यांसाठी टेस्टिंग रूम. ड्रॉइंगमध्ये काय होतं? दोन मनोरे, पिवळ्या भिंती, लाल छप्पर, कमानी, कारंजं आणि समोर हिरवंगार लॉन. "तू इंजिनिअर ना, सांग कसं आहे," मामा म्हणाले. मी सॉफ्टवेअरवाला आहे हे नातेवाइकांना गेल्या सहा वर्षांत पटलेलं नाही. असो. विचारलंय तर सांगतोच.

पहिली गंमत म्हणजे खुद्द टस्कनीवाले आता असं बांधत नाहीत! अँटिनोरी हे तिथलं शेकडो वर्षं जुनं वाइन घराणं. त्यांनी फ्लोरेन्सजवळ बार्जिनोला 2012 मध्ये नवी वाइनरी उघडली, ती चक्क टेकडीच्या पोटात. छपरावर माती, मातीवर वेली. लांबून दिसतात फक्त उतारावरच्या दोन आडव्या चिरा. म्हणजे मूळ लेखकाने कोड कधीच बदललं आणि आपण अजून त्याचं जुनं व्हर्जन कॉपी-पेस्ट करतोय, तेही कमेंट्ससकट.

"पण आपल्याकडे काय आहे दाखवण्यासारखं?" मामेभाऊ म्हणाला. अरे, काळा दगड आहे! कॅलिफोर्नियात नापा व्हॅलीमध्ये डॉमिनस नावाची वाइनरी आहे. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस आर्किटेक्टांनी 1997-98 च्या सुमारास बांधलेली. बाहेरची भिंत म्हणजे लोखंडी जाळीच्या पेट्यांत भरलेला बेसॉल्ट. आपल्या घाटात दरड अडवायला जे करतात, तेच. दगड दिवसाचं ऊन झेलतो, फटींतून उजेड आणि वारा झिरपतो, आणि इमारत लांबून बांधासारखी दिसते. तिथे त्याचे फोटो आर्किटेक्चरच्या पुस्तकांत छापतात. मामांच्या बांधावर विहिरीच्या खोदाईतला तोच दगड ढिगाने पडून आहे आणि त्याला आम्ही 'डबर' म्हणतो.

आणि नाशिककरांना हे परक्यांनी का शिकवावं? पांडवलेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, याच बेसॉल्टमध्ये कोरलेली. भर मे महिन्यात आत जाऊन उभं राहा, मग बोलू.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे टाक्यांत रस आंबायला लागतो आणि बाहेर उन्हाळा चढायला लागतो. आंबताना रस स्वतःच उष्णता सोडतो, ती सतत काढावी लागते. त्यात पश्चिमेला काचेचा मनोरा, वर पत्र्याचं छप्पर! चार-पाच मीटर खाली जमिनीचं तापमान वर्षभर पंचविशीच्या आसपास असतं. मुरणाऱ्या वाइनला बारा ते सोळा अंश लागतात, म्हणजे चिलर सुटत नाहीच. पण तो पंचविशीशी भांडेल, चाळिशीशी नाही. फरक वीजबिलात दिसतो. शिवाय मामांच्या शेताला उतार आहे. द्राक्षं वर उतरवा, रस खाली टाकीत, वाइन त्याच्याखाली पिंपात. पंपाचं निम्मं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. ड्रॉइंगवाल्याने मात्र पहिली ओळ लिहिली होती, 'जागा सपाट करून घेणे'.

"पाहुण्यांना फोटो लागतो," हा मामेभावाचा हुकमाचा एक्का. मान्य. पण 1999 मध्ये सुला सुरू झाली आणि पुढे पुण्या-मुंबईची पब्लिक नाशिकला धावायला लागली, ती कशासाठी? गॅलरीत बसून लोक बघतात ते वेलींच्या रांगांकडे आणि पलीकडच्या गंगापूर धरणाच्या पाण्याकडे. मनोरा आमच्या सोसायटीलाही आहे हो. वेली नाहीत!

आणि मिसळून जाणं म्हणजे भिंतीला हिरवा रंग फासणं नव्हे. टाक्या धुतलेलं पाणी शुद्ध करून बागेत जातं की ओढ्यात? रात्रीचे फ्लडलाइट शेजारच्या घरात घुसतात का? ज्या गावात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ठिबकच्या मिनिटांचा हिशेब होतो, तिथे लॉन कुणाच्या पाण्यावर? गावाला डोळ्यात खुपतं ते आधी इथे खुपतं, मनोरा नंतर.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "खोदाईला किती लागतील?" इथे मात्र माझी बोलती बंद. बेसॉल्ट फोडणं महाग आहे, सुरुंगाचा खर्च वेगळा, आणि कर्ज त्यांच्या नावावर आहे, माझ्या नाही. मग म्हणालो, खोदू नका. आहे त्या उतारात अर्धी टेकवा, मागून माती चढवा, तोंडाला विहिरीचा दगड रचा, आत इन्सुलेशनची भिंत. मनोरे, कारंजं आणि लॉनचे पैसे तिकडे वळवा. तेवढ्यात बसतं का, ते एखाद्या खऱ्या सिव्हिलवाल्याकडून तपासून घ्या.

मामांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. फाडली नाही, कपाटावर ठेवली. "दिवाळीपर्यंत तुझं कागदावर दे," म्हणाले.

तर मंडळी, कुणी सिव्हिल किंवा आर्किटेक्चरवाला मित्र असेल तर कळवा. मानधन म्हणून द्राक्षं. मला सोमवारी रिलीज आहे.