राबाची राख आणि संशोधनाची वाट

२०२७ मधील सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने त्र्यंबकेश्वरचे नाव पुन्हा एकवार सर्वतोमुखी झाले आहे. रस्ते, घाट, वाहनतळ, सांडपाणी यांच्या चर्चेला तोटा नाही, आणि लक्षावधी भाविक जेथे लोटणार तेथे ही चर्चा अनाठायी आहे असेही कोणी म्हणणार नाही. परंतु तीर्थक्षेत्राची वेस ओलांडून ब्रह्मगिरीच्या उतारावर, अंजनेरीच्या पायथ्याशी किंवा हरसूलच्या वाटेवरील पाड्यांवर जो संसार चालतो, त्याला या चर्चेत जागा नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या उतारांवर जमिनीचे काळेभोर चौकोन दिसू लागतात. यात्रेकरूला तो वणवा वाटतो, शहरी पर्यावरणप्रेमीला तो अडाणीपणा वाटतो. वास्तविक ते राब होत. आणि राबाच्या त्या राखेत आपल्या कृषिसंशोधनाचा एक उत्तम आणि अपुरा राहिलेला धडा दडलेला आहे.

राब भाजण्याची रीत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. भाताची किंवा नागलीची रोपे जेथे वाढवायची, त्या लहानशा तुकड्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचावयाचे, वर माती पसरावयाची आणि वैशाखाच्या उन्हात ते सारे सावकाश धुमसू द्यावयाचे. पाऊस येण्याच्या सुमारास त्या राखेत बी पेरले की रोप जोमाने वर येते, तण फारसे माजत नाही आणि आवणीच्या वेळी हाताशी सकस रोप असते. एवढ्या लहान तुकड्यासाठी शेतकऱ्याचे सारे कुटुंब महिना-दीड महिना फांद्या आणि शेण वाहत असते.

इंग्रजी अमदानीत या रीतीवरून मोठा वाद झाला. वनखात्याचे म्हणणे असे की, राबासाठी झाडे ओरबाडली जातात आणि जंगलाचा नाश होतो. रयतेचे म्हणणे असे की, राबाशिवाय पीकच येत नाही. या वादात शास्त्राला प्रथम ओढले गेले, हे त्या काळाचे भाग्य म्हणावे लागेल. हिंदुस्थानातील शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना काही बाबतींत त्याहून सरस आहे, असे मत देणारे ते हेच गृहस्थ. राबाचा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला नाही. त्याची दखल घेऊन त्यांनी चर्चा केली. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपले सहकारी जोशी आणि कानिटकर यांच्यासमवेत राबाचा रासायनिक अभ्यास केला आणि तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा गुण केवळ राखेतील क्षारांत नसून जमीन तापण्यातही आहे, हे त्या अभ्यासाने पुढे आणले. नेमक्या त्याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रसेल आणि हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीत पिकाला अन्न अधिक का मिळते, याविषयीचे आपले प्रसिद्ध प्रयोग मांडले होते. सह्याद्रीतला कोळी आणि कोकणा जे हाताने करीत होता, त्याचाच शोध प्रयोगशाळा घेत होती.

एवढे कळल्यावर पुढचा प्रश्न उघड होता. जमीन तापवणे हेच मर्म असेल, तर झाड न तोडता ती तापवता येईल काय? या प्रश्नाचे एक उत्तर पुष्कळ उशिरा आणि फार दूरच्या देशातून आले. इस्राएलमधील शास्त्रज्ञ याको कातान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये असे दाखवून दिले की, ओल्या जमिनीवर उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरला तर सूर्याच्या उष्णतेनेच मातीतील रोगजंतू आणि तणाचे बी बऱ्याच अंशी नष्ट होते. आपल्याकडील कृषी विद्यापीठांनीही या पद्धतीचे प्रयोग केले. दुसरे उत्तर मराठी मातीतले आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेसाठी भाताच्या तुसाची काळी राख, खाचरासाठी गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या यांचा मेळ घातलेला आहे. राखेतील सिलिकॉनने रोप कणखर होते आणि जंगलातील झाड वाचते. तिसरे उत्तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी दिले. त्यांच्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यावर थेट टोकण होते. राबही नाही, चिखलणीही नाही आणि आवणीही नाही.

म्हणजे संशोधन झालेच नाही असे नव्हे. ते झाले, परंतु त्र्यंबकच्या उतारावर पोहोचताना त्याची दमछाक झाली. याची कारणे शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्याची सवय सोडली पाहिजे. मे महिन्यात प्लास्टिकखालची जमीन ओली ठेवण्यास पाणी लागते, आणि ज्या तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, त्याच तालुक्यातील पाड्यांवर मे महिन्यात स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरताना दिसतात. भाताचे तूस गिरणीवर राहते, पाड्यावर येत नाही. सगुणा तंत्राला तणनाशकाची जोड लागते, आणि त्याला रोख पैसा लागतो. याउलट राबाला लागणारे सारे साहित्य डोंगर देतो आणि मजुरी घरची असते. जोवर पर्यायाचा हिशेब या तराजूत तोलला जात नाही, तोवर तो पर्याय शिफारशींच्या पुस्तिकेतच राहणार.

नाशिक जिल्ह्यात शेतीसंशोधनाची परंपरा दुबळी नाही. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे आणि पिंपळगाव बसवंतच्या कांद्याच्या वाणांचे नाव देशभर झाले. द्राक्षासाठी तर पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले. द्राक्षावर नवा रोग आला की बागायतदारांचा संघ शास्त्रज्ञांना बोलावतो, प्रश्न विचारतो आणि उत्तर घेऊनच परततो. नागलीवाल्यांचा संघ नाही. महाराष्ट्राचे हवामानानुसार नऊ कृषिविभाग पाडण्यात आले आणि घाटमाथ्याच्या विभागासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केंद्र इगतपुरीस आहे. भात, नागली, खुरासणी ही डोंगरी पिके तेथे अभ्यासली जातात. परंतु केंद्रातील सपाट, बांधबंदिस्त वाफा आणि ब्रह्मगिरीवरचा मुरमाड उतार यांत जे अंतर आहे, ते मैलांनी मोजण्यासारखे नाही.

या उतारावरची जुनी फेरपालट शहाणपणाची होती. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक. त्या विश्रांतीत झुडपे वाढत, माती धरली जाई. कुटुंबे वाढली, जमिनीचे तुकडे झाले, आणि विश्रांतीची वर्षे घटत गेली. आता तीच जमीन पुनःपुन्हा उघडी पडते आणि आषाढातील पाऊस तिची माती घेऊन जातो. ती माती कोठे जाते, याचे उत्तर नाशिक शहराने स्वतःला विचारावे. गंगापूर धरणाची साठवणक्षमता मूळची ७,२०० दशलक्ष घनफूट. गाळाने ती ५,६३० पर्यंत खाली आली आहे. हा सारा गाळ नागलीच्या शेतांचाच आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. डोंगर पोखरणारे, झाडे तोडून भूखंड पाडणारे हात वेगळेच आहेत. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्ध लोकांना उभे राहावे लागले, हे ताजे आहे. परंतु उतारावरची माती जागेवर राहणे हा डोंगरातल्या शेतकऱ्याचा आणि शहरातल्या नळाचा सामाईक प्रश्न आहे, एवढे तरी यावरून स्पष्ट व्हावे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, इतका खटाटोप करून डोंगरावर नागली पिकवावीच कशाला? स्वस्त धान्य दुकानात तांदूळ आणि गहू मिळतो. उतारावर झाडे लावावीत आणि मोकळे व्हावे. आक्षेप वरवर सरळ दिसतो. पण शिधापत्रिकेवरील तांदूळ पोट भरतो, हाडे भरत नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते दहाच्या घरात राहते. ज्या कुटुंबात दूध विकत घेणे परवडत नाही, तेथे नागलीची भाकर हेच दूध असते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि शहरांत नागलीची बिस्किटे महागड्या वेष्टनांतून विकली जाऊ लागली. नागलीचे हे कौतुक तिच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचले असते, तर अधिक शोभले असते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने नागलीचा किमान आधारभाव क्विंटलला ४,२९० रुपये जाहीर केला, तर साध्या भाताचा २,३०० रुपये. हे धोरण उचितच होय. मात्र खरेदी केंद्र पाड्यापासून दूर असेल आणि माल चार-दोन पोत्यांचाच असेल, तर तो भाव कागदावर राहतो आणि नागली व्यापाऱ्याच्या मापाने जाते.

मनावर घेतल्यास नागलीवर काय करता येते, ते कर्नाटकाने दाखवले आहे. तेथील डॉ. सी. एच. लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ वाण निर्माण केले. इंडिया आणि आफ्रिका यांच्या आद्याक्षरांतूनच ते नाव आले. आपल्याकडेही कोल्हापूर आणि दापोली येथील केंद्रांनी सुधारित वाण दिले आहेत. परंतु नागलीच्या शेतकऱ्याची अडचण एकट्या वाणाने सुटणारी नाही. वाकून करावी लागणारी निंदणी, पावसात करावी लागणारी आवणी, काठीने करावी लागणारी मळणी हा सारा भार बहुतांशी स्त्रियांच्या पाठीवर आहे. उतारावर उचलून नेता येईल असे हलके अवजार आणि गावातच चालेल असे मळणीयंत्र यांवरही नव्या वाणाइतकीच बुद्धी खर्च झाली पाहिजे. तसेच शेजारच्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपून जे कार्य केले आणि २०२० मध्ये ज्याचा पद्मश्रीने गौरव झाला, त्यावरून बियाण्याचे ज्ञान कोणाकडे असते, याचाही बोध विद्यापीठांनी घ्यावा.

म्हणून त्र्यंबकच्या उतारावर, शेतकऱ्याच्याच वावरात, सलग काही पावसाळे चालणारे प्रयोग झाले पाहिजेत. राबाशेजारी पर्यायी रोपवाटिका, उघड्या उताराशेजारी गवताच्या पट्ट्यांनी बांधलेला उतार अशी तुलना व्हावी. किती रोपे जगली, किती माती वाहिली, किती मजुरी लागली आणि हाती किती पैसा राहिला, हे चारही आकडे शेतकऱ्यांसमोर मांडले जावेत. आश्रमशाळांतील शिक्षक आणि विद्यार्थी पावसाची आणि वाहून गेलेल्या मातीची नोंद सहज ठेवू शकतील. विज्ञानाचा याहून चांगला पाठ कोणत्या क्रमिक पुस्तकात मिळणार? शालेय पोषण आहारात नागलीला नियमित स्थान मिळाले, तर बाजाराचा प्रश्नही काही अंशी घरच्या घरी सुटेल. सिंहस्थासाठी होणाऱ्या खर्चाच्या मानाने हे सारे नगण्य आहे.

गोदावरी येथून निघते आणि १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते. तिच्या तीरावरच्या ऊस, द्राक्ष आणि भाताच्या समृद्धीसाठी शासनाने आणि शास्त्राने पुष्कळ केले. जिच्या उगमावरचा शेतकरी मात्र शंभर वर्षांपूर्वी शास्त्राला विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराची अजून वाट पाहत आहे, त्या नदीचे पावित्र्य केवळ स्नानाने राखले जाणार नाही. पुढल्या वैशाखात राब पुन्हा धुमसू लागतील. त्या धुराला नावे ठेवण्यापूर्वी, झाड न तोडता आणि पैसा न मोडता जमीन कशी तापवावी, याचे उत्तर घेऊन कोणीतरी डोंगर चढला पाहिजे.