मागें पडलेल्यानें माघार कां घ्यावी?

शर्यतींत मागें पडलेल्या उमेदवारास "आतां बाजूस हो" असें सांगणें हा शहाणपणाचा एक प्रकारच होऊन बसला आहे. अमेरिकेंत अध्यक्षपदासाठीं पक्षाचा उमेदवार ठरविण्याच्या ज्या प्राथमिक निवडणुका होतात, त्यांच्या ऐन मध्यावर हा उपदेश दर चार वर्षांनीं ऐकूं येतो. आणि आमच्या महाड-पोलादपुरांत ग्रामपंचायतीचे अर्ज मागें घेण्याचा दिवस जवळ आला कीं तोच उपदेश 'गांवाचें ऐक्य' हें नांव धारण करून दारोदार हिंडतो. उपदेशकांचा हेतु नेहमींच वाईट असतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो उपदेश चुकीचा आहे, आणि त्यानें जें नुकसान होतें तें उमेदवारापेक्षां मतदाराचें अधिक होतें, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडणें न्यायाचें होईल. तो म्हणतो, तिसरा उभा राहिला कीं मतें फुटतात. त्याच्या हातीं दाखलाहि भक्कम आहे, आणि तो आमच्याच मतदारसंघाचा आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकींत रायगडांतून शिवसेनेचे अनंत गीते हे राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे यांच्यावर अवघ्या २,११० मतांनीं विजयी झाले. शेतकरी कामगार पक्षाचे रमेश कदम तिसरे आले. त्यांस सव्वा लाखाहून अधिक मतें पडलीं. जेथें दोन हजारांनीं निकाल फिरतो तेथें सव्वा लाखाचा तिसरा मनुष्य उभा राहतो कशाला, असा हा प्रश्न आहे.

आम्ही उलट विचारतों: तीं सव्वा लाख मतें कोणाचीं होतीं? तीं गीत्यांचीं नव्हतीं, तटकऱ्यांचीं नव्हतीं. दोघेहि समोर असतां ज्यांनीं तिसरा निवडला त्या मतदारांचीं तीं होतीं. तिसरा नसता तर त्यांतील किती इकडे गेलीं असतीं, किती तिकडे, आणि किती जण घरींच बसले असते, हें छातीठोकपणें कोण सांगूं शकेल? आमची मोजणीची पद्धत मतदारास एकच प्रश्न विचारते, "तुझा पहिला कोण?" "तो नसेल तर मग कोण?" हें ती विचारीतच नाहीं. दोष प्रश्न अर्धा ठेवणाऱ्या पद्धतीचा आहे. प्रायश्चित्त मात्र उमेदवारानें घ्यावें असें सांगितलें जातें.

प्रश्न पुरा विचारला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास आमच्याच तालुक्याच्या एका सुपुत्राची गोष्ट पुरेशी आहे. महाडजवळील नाते या गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५२ सालीं ते कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ सालीं त्यांनीं अर्थमंत्रिपद सोडलें. हेच देशमुख १९६९ सालीं जनसंघ व स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्यानें राष्ट्रपतिपदासाठीं उभे राहिले. एकीकडे काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी, दुसरीकडे इंदिरा गांधींचें पाठबळ लाभलेले वराहगिरी गिरी. या दोघांच्या झुंजींत देशमुख तिसरे राहणार हें उघड होतें. आजचे उपदेशक त्या वेळीं असते तर त्यांनीं देशमुखांसहि माघारीचाच सल्ला दिला असता.

देशमुख उभे राहिले. पहिल्या पसंतीचें मतमूल्य गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ आणि देशमुखांस १,१२,७६९ असें पडलें. विजयास ४,१८,१६९ हवें होतें. तेवढें कोणासच मिळालें नाहीं. मग मागील उमेदवार क्रमानें गळत गेले, त्यांच्या मतपत्रिकांवरील दुसऱ्या पसंतीचीं मतें पुढें सरकलीं, आणि अखेर गिरी ४,२०,०७७ व रेड्डी ४,०५,४२७ अशी बेरीज झाली. सुमारें ८८ हजारांचें अंतर पंधरा हजारांच्या आंत आलें. आमची गांधारी जशी महाडापाशीं सावित्रीस मिळते, पण तोंवर आपल्या पात्रांतून आपलें पाणी वाहते, तसें हें झालें. देशमुखांच्या मतदारांनीं आपला पहिला मनुष्य निःशंकपणें सांगितला, आणि उरलेल्या दोघांत कोण बरा हें सांगण्याचा अधिकारहि गमावला नाहीं. निकाल कोणास रुचो वा न रुचो, देशमुखांनीं मतें फोडलीं असें म्हणण्यास जागा उरली नाहीं.

यावर असें म्हटलें जाईल कीं, राष्ट्रपतिपदाची गोष्ट निराळी. पक्षाच्या घरांतील चढाओढ लांबली तर पक्षच दुबळा होतो. १९८० सालीं एडवर्ड केनेडी अधिवेशनापर्यंत लढले आणि पुढें कार्टर हरले, हें उदाहरण पुढें केलें जाईल. पण तोच नियम असता तर २००८ सालीं हिलरी क्लिंटन जूनपर्यंत झुंजल्यावर ओबामा नोव्हेंबरांत जिंकले कसे? उलट २०२० सालीं दोन प्रमुख उमेदवारांनीं मोठ्या मतदानाच्या तोंडावर माघार घेतली, तेव्हां ज्यांनीं त्यांच्या नांवें आधींच मतें धाडलीं होतीं त्यांच्या मतांस कांहीं अर्थ उरला नाहीं. ही माघारीची किंमत कोणी हिशेबांत धरीत नाहीं.

आमच्या देशांतील दाखला पहावा. १९५० सालीं काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठीं पुरुषोत्तमदास टंडन यांस १,३०६, कृपलानींस १,०९२ आणि आमच्या शंकरराव देवांस २०२ मतें पडलीं. देव उगाच उभे राहिले काय? टंडनांच्या विरुद्ध एकूण १,२९४ मतें होतीं, म्हणजे नव्या अध्यक्षास निम्म्याहून केवळ किंचित् अधिक प्रतिनिधि मानीत होते, हें सत्य मोजणींतूनच पुढें आलें. आणि वर्षभरांतच, १९५१ सालीं, टंडनांस पद सोडावें लागलें. १९९७ सालीं सीताराम केसरींच्या ६,२२४ मतांसमोर शरद पवारांस ८८२ मिळालीं. हा पराभव मोठाच. पण पक्षांत असंतोष किती आहे याचा आंकडा तरी लिहिला गेला. माघारीनें असंतोष नाहींसा होत नाहीं; त्याचा आंकडा मात्र नाहींसा होतो.

आतां गांवाकडे वळूं. गांवकीच्या बैठकींत, मुंबईकर मंडळींच्या संमतीनें, दुबळ्या उमेदवारास अर्ज मागें घ्यावयास लावावयाचा आणि निवडणूक बिनविरोध झाली म्हणून हार घालावयाचे, यास ऐक्य म्हणावें काय? ऐक्याच्या या आवरणाखालीं काय वाढूं शकतें तें २०२१ च्या जानेवारींत दिसलें. सरपंचपदाचा लिलाव झाल्यावरून नाशिक जिल्ह्यांतील उमराणें व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी येथील निवडणुका राज्य निवडणूक आयोगास रद्द कराव्या लागल्या. जेथें सर्वांनीं माघार घ्यावयाची तेथें माघारीस भाव येणारच.

माघार सर्वकाळ निंद्य आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उमेदवारानें आपल्या बुद्धीनें, मतदानापूर्वीं, चारचौघांत कारण सांगून माघार घेतली तर ती सन्मानाची. परंतु "तूं हरणार आहेस" हें कारण पुरेसें नव्हे. तें ठरविणें मतदाराचें काम आहे.

उपाय आहे, आणि तो आमच्या दारांत आहे. कोकण पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुकींत महाडचा पदवीधर मतपत्रिकेवर पसंतीचे अंक लिहितो. त्याचा पहिला पडला तरी त्याचें मत पुढें चालतें. मग पोलादपूरच्या डोंगरांतील शेतकऱ्यास सरपंच निवडतांना हीच सोय कां नसावी? एक, दोन, तीन हे अंक लिहिण्यास पदवी लागत नाहीं. पक्षांनीं आपल्या घरच्या निवडणुकांत आणि सरकारनें ग्रामपंचायतींत ही पद्धत आणावी. तोंवर मागें पडलेल्या उमेदवारांनीं खुशाल उभें रहावें. आणि त्यांस माघारीचा उपदेश करणारांनीं, आपण कोणाचें मत पुसून टाकीत आहों याचा आधीं विचार करावा.